गिधाडांची मोजदाद

रामायणांतील जटायूचा प्रसंग मीं तीसएक वर्षें वर्गांत शिकविला. आरंभींच्या वर्षांत गृध्र म्हणजे काय, हें सांगण्याची गरज पडत नसे. गांवाबाहेरच्या माळावर मेलेलें जनावर पडलें कीं मुलांना तो पक्षी शाळेच्या वाटेवरच दिसे. पुढें मात्र फळ्यावर चित्र काढावें लागूं लागलें. माझ्या चित्रकलेविषयीं न बोललेलेंच बरें. पण गिधाडें गेलीं कोठें, हा प्रश्न कोणा मुलानें विचारला नाहीं, कीं गांवांतील वडील मंडळींना सुचला नाहीं. अशुभ म्हणून ज्याच्याकडे पाहावयाचेंच नाहीं, त्याचें जाणें कोणाच्या ध्यानांत यावें ?

ध्यानांत आलें तें मोजणाऱ्याच्या. १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्रज्ञ विभु प्रकाश यांनीं १९८७-८८ मध्यें भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या विणीच्या जोड्या मोजल्या. त्या ३५३ भरल्या. त्या काळीं गिधाडें मोजणें म्हणजे कावळे मोजण्यासारखेंच ! गृहिणी केशराची डबी जपते, मिठाची बरणी नव्हे. परंतु तो आंकडा टिपलेला होता, म्हणूनच १९९६-९७ च्या मोजणींत निम्म्याहून अधिक जोड्या नाहींशा झाल्याचें सप्रमाण सांगतां आलें. २००३ सालीं तेथें एकही जोडी उरली नव्हती.

प्रथम संशय सांथीच्या रोगावर होता. मेलेल्या पक्ष्यांच्या आंतड्यांवर व यकृतावर खडूसारखा पांढरा थर दिसे. मूत्रपिंडें निकामी होऊन युरिक आम्ल तेथें सांठलेलें असे. रोगजंतु मात्र सांपडेना. अखेर पाकिस्तानांत काम करणारे अमेरिकन पशुवैद्य लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं प्रश्नच फिरविला. गिधाडें खातात काय ? मेलेलीं गुरें. त्या गुरांना मरणापूर्वीं काय टोंचलें जातें ? डायक्लोफिनॅक, म्हणजे तुमच्याआमच्या गुडघेदुखीवरचेंच औषध ! हा शोध २००४ च्या आरंभीं ‘नेचर’ साप्ताहिकांत आला. शंभर शवांत एकाहूनही कमी विषारी असलें तरी एवढा संहार पुरा होतो, असें पुढें गणितानें दाखविलें. कारण एका शवावर डझनांनीं पक्षी उतरतात, आणि जोडी वर्षाकांठीं अंडें घालते तें एकच. १९९२ मध्यें जेथें हजार पांढऱ्या पाठीचीं गिधाडें होतीं, तेथें २००७ पर्यंत एखादेंच राहिलें.

सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं या औषधास बंदी केली. मेलॉक्सिकॅम हें निर्धोक औषध त्याच सुमारास सिद्ध झालें होतें, म्हणून बंदी शेतकऱ्याला जाचक झाली नाहीं. तरी माणसांसाठीं असलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोंचतच राहिल्या. त्या २०१५ मध्यें बंद झाल्या. कीटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांना अटकाव व्हावयास २०२३ साल उजाडलें. शास्त्राच्या मानानें आमचा कायदा फारच सावकाश चालतो.

हरियाणांत पिंजोर येथें गिधाडांची पैदास करणारें केंद्र आहे. त्याला नांव जटायूचेंच दिलें आहे, याचें मला मास्तर म्हणून विशेष अप्रूप. मात्र तेथील पक्षी मोकळे सोडावयाचे तर भोंवतालच्या मुलखांतील गुरांच्या शवांत तें औषध आहे कीं नाहीं, हें आधीं तपासावें लागतें.