आकाशातली वेगाची पाटी



जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला एस.टी.ने निघालात, की शहर येण्याआधी चिकलठाण्याचा विमानतळ लागतो. एखादं विमान उतरताना दिसलं, की अख्खी बस माना वळवून बघते. आपल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तशी पाटी जागोजागी लावता येते. आकाशात पाटी कुठे लावणार?

आकाशातल्या काही पाट्या वैमानिकाच्या नकाशावर छापलेल्या असतात. बाकीच्या कानावर पडतात! रडारच्या पडद्यासमोर बसलेला नियंत्रक रेडिओवरून वेग सांगतो. तो ‘नॉट’मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. १०,००० फुटांच्या खाली विमानं साधारणपणे २५० नॉटच्या आत ठेवतात, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर. खाली विमानांची गर्दी जास्त आणि पक्षीही जास्त, म्हणून ही काळजी.

आता गंमत पाहा. रस्त्यावरची पाटी ‘याहून जास्त नको’ एवढंच सांगते. कमी वेगाने गेलं तर सहसा कोणी अडवत नाही. आकाशात मात्र तीन वेगवेगळे हुकूम असतात. ‘१८० नॉट ठेवा’, ‘१८० किंवा त्याहून कमी ठेवा’ आणि ‘१८० किंवा त्याहून जास्त ठेवा’. आकडा एकच, पण अर्थ तीन! पहिल्या हुकमात १८० म्हणजे १८०च. वैमानिक मनाने १५० वर आला, तर मागचं विमान जवळ येऊ लागेल.

मुंबई विमानतळाचंच घ्या. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळा एकच वापरात असते. उतरणारी विमानं माळेतल्या मण्यांसारखी एकामागून एक येतात. दोघांत काही किलोमीटरचं अंतर राहायलाच हवं. पुढच्या मोठ्या विमानामुळे हवा घुसळली जाते, त्यात मागचं हेलकावे खाऊ शकतं.

आमच्या शाळेच्या प्रभातफेरीत हेच दिसतं. पुढची सातवीची मुलं भरभर चालतात आणि शेपटाची पहिलीतली पोरं धापा टाकत पळतात. एका वर्षी एक चिमुरडी थांबून मला म्हणाली, ‘‘सर, एवढं जमत नाही.’’ मी पुढच्यांना हळू चालायला सांगितलं, रांग पुन्हा नीट झाली. बाकीची पोरं दमली होती, पण बोलली ती एकटीच.

वैमानिकालाही असं बोलावं लागतं. वेग फार कमी झाला, तर पंख विमानाला पेलू शकत नाहीत. सांगितलेला वेग धोक्याचा वाटला, तर तो लगेच ‘अनेबल’ म्हणतो, म्हणजे ‘जमणार नाही’. यात उद्धटपणा नाही. नियंत्रकही रागवत नाही, दुसरा उपाय काढतो. विमानाला थोडं वळवून लांबच्या वाटेने आणतो. धोका असतो तो ‘हो’ म्हणून भलतंच करण्यात. म्हणून वैमानिक ऐकलेला आकडा मोठ्याने परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रक कान देऊन तपासतो.

आणखी एक बारकावा. नियंत्रक पुढे म्हणतो, ‘आता नेहमीचा वेग घ्या.’ याचा अर्थ हवं तसं सुसाट जा, असा नाही! त्याने स्वतः घातलेलं बंधन सुटलं, नकाशावर छापलेली मर्यादा कायम राहिली. सरांनी ‘रांग मोडा’ म्हटलं, म्हणून व्हरांड्यात न पळण्याचा नियम काही मोडत नाही ना? तसंच हे.

वर्गात ‘समजलं का?’ विचारलं, की एका सुरात ‘होऽऽ सर’ येतं. त्या होकारात किती जणांना खरंच समजलेलं असतं, ते गृहपाठाच्या वहीतच कळतं! शेकडो माणसांना घेऊन उडणारा वैमानिक ‘जमत नाही’ म्हणायला लाजत नाही, मग तुम्ही का लाजावं? आईबाबांनो, घरात मूल असं म्हणालं, तर आधी ऐकून घ्या.

आणि मुलांनो, उद्या कुणी काही काम सांगितलं, तर ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. किती चुका तिथेच सापडतात, ते मोजा बरं!