एखादी घडी

शहापूर तालुक्यातील एका पाड्यावरच्या शाळेत आम्ही रंगीत कागद घेऊन गेलो, ते चौथीच्या मुलांना जपानी ओरिगामीतला करकोचा शिकवण्यासाठी. पळसाच्या पानांचे द्रोण लावणाऱ्या घरांतली ती बोटे; दुमडलेल्या कडेवर नख फिरवून घडी पक्की करावी, हे सांगावे लागले नाही. करकोच्याचा मात्र त्यांनी सरळ 'बगळा' करून टाकला. (भातखाचरात रोज दिसणाऱ्या पक्ष्यापुढे शब्दकोशाचे काय चालणार!)

हात चालू असतानाच सदाको सासाकीची गोष्ट सांगितली. १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार करकोचे केले की इच्छा पुरी होते, या लोकसमजुतीवर विसंबून ती रुग्णालयात कागद दुमडत राहिली आणि १९५५ साली, बाराव्या वर्षी गेली. हजार पुरे होण्याआधीच गेली, असे गाजलेल्या बालपुस्तकात येते. प्रत्यक्षात तिने हजाराहून अधिक केले होते. आम्ही तेच सांगितले.

"हजार झालं तरी मेली?"

"हो."

एक मुलगी आपल्या कागदाकडे बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "मंग येखादी घडी चुकली आसंल."

विधीत काही उणे राहिले म्हणून भगताचा गुण आला नाही, हे ऐकत ही मुले वाढतात. परक्या देशाची समजूत तिने अशी आतून धरली होती; तक्त्यावरच्या किमोनोने हे साधले नसते. आम्ही किरणोत्सर्गाविषयी बोलू लागलो. तिने बगळा पुरता उलगडला आणि पहिल्या घडीपासून पुन्हा सुरुवात केली.