बारा मिनिटं

गेल्या दिवाळीत थोरल्या पोराबरोबर त्याचा पुण्याचा मित्र आला होता. त्याला जुनी मनगटी घड्याळं जमवायचा नाद. हातात स्विस फेवर ल्युबा. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर अण्णांचं बंद पडलेलं घड्याळ दिसलं तसा तो चहा ठेवून उठलाच. "काका, एचएमटी जनता! आणि तबकडी कुणी रंगवलेली नाही!"

मला त्यात काय कौतुक ते कळेना. मग त्यानं सांगितलं, जुन्या एचएमटीच्या तबकड्या नव्यानं रंगवायच्या, चार घड्याळांचे भाग एकात घालायचे आणि चकचकीत करून विकायचं, असा धंदाच चालतो. जाणकार माणूस पिवळी पडलेली का असेना, मूळचीच तबकडी बघतो. "रंगवू नका, नुसती सर्व्हिसिंग करा," म्हणाला.

सरकारी एचएमटीनं 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली, आणि 2016 साली सरकारनं तो धंदा बंद करायचं ठरवलं. मधल्या काळात नवरदेवाला घड्याळ म्हटलं की एचएमटी. जनताला सेल लागत नाही, रोज चावी द्यायची. आसांची झीज होऊ नये म्हणून आत 17 बारकी माणकं, आणि सेकंदाला पाच ठोके.

अण्णांनी ते गुळाच्या पट्टीतनं घेतलं. हौस होतीच, पण खरं कारण विहीर. विहीर आमची आणि तात्यांची, म्हणजे चुलत्यांची, सामाईक. एक दिवस मोटार आमची, एक दिवस त्यांची. पाळी बदलायची सकाळी सहाला. घड्याळाला चावी देणं आणि सात पाचच्या बातम्यांना मिळवून ठेवणं माझ्याकडं. रात्री अण्णा घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे, मी ते जपून रेडिओवर ठेवायचो.

बातम्या लागल्या की घड्याळ रोज दहा-बारा मिनिटं पुढं गेलेलं असायचं. मी गुपचूप काटा मागं घ्यायचो. अण्णांना बोललो नाही. नव्या बैलाला खोड काढावी तसं ते त्यांना लागलं असतं. आणि सगळीच घड्याळं असं करत असतील असंही मला वाटायचं.

1977 चा उन्हाळा. मी दहावीची परीक्षा देऊन घरी होतो. विहिरीनं तळ गाठलेला, ऊस वाळायला लागलेला. एका सकाळी तात्या विहिरीवर आले तर आमचं पाणी आधीच चालू. "दादा, माझं पाणी रोज खातोस तू. सहा वाजायचं हायेत अजून." अण्णांनी मनगट पुढं केलं. "कंपनीचं घड्याळ हाय. ते खोटं बोलत न्हाई. तूच तुझ्या पाळीला उशिरा येतोस. मी सहाला मोटार बंद करतो, तुझा पत्त्या नसतो."

दोघंही खरं बोलत होते. अण्णा बारा मिनिटं आधी घेत होते आणि बारा मिनिटं आधीच सोडत होते. हे कळणारा एकटा मी, खोरं घेऊन बांधावर उभा. तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. तात्यांनी पुढं विहिरीचा हिस्सा सोडून बोअर मारली. माझ्या लग्नाला आले ते मांडवाबाहेरूनच अक्षता टाकून गेले. अण्णा गेले तेव्हा मात्र पहिला खांदा त्यांनी दिला.

दिवाळीनंतर घड्याळ तालुक्याला जुन्या घड्याळजीकडं नेलं. त्यानं खोलून धुतलं, तेल दिलं, तरी ते पुढंच पळायचं. मग त्यानं होकायंत्र वर धरलं तर सुई हालली. "यात चुंबक शिरलंय. रेडिओवर ठेवत होता काय?"

रेडिओच्या स्पीकरमागं चुंबक असतं. त्याच्यानं घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड पडल्यासारखी होते आणि घड्याळ पळायला लागतं. तबकडीवर पॅराशॉक लिहिलंय खरं, पण ते धक्का सोसण्यापुरतं. चुंबकापुढं त्याचा उपयोग नाही. घड्याळजीनं मशिनवर धरून चुंबक उतरवलं. दोन मिनिटांचं काम. ज्या रेडिओवर मी वेळ मिळवत होतो, त्याच्यावरच ठेवून घड्याळ बिघडवत होतो.

तात्या आता पंच्याऐंशीचे, अंथरुणाला खिळलेले. जाऊन सगळं सांगितलं. कानाशी तोंड नेऊन, मोठ्यानं. त्यांनी घड्याळ मागून घेतलं, कानाला लावलं.

"ऐकू येत न्हाई. चालतंय का?"

"चालतंय."

"आता बरोबर दावतं?"

"दावतं."

बराच वेळ ते तबकडीवरनं अंगठा फिरवत राहिले. "मग तवाच बोलायचं व्हतंस रं, लेकरा."

पुण्याचा पोरगा सांगेल ती किंमत द्यायला तयार आहे. त्याला नको म्हणून कळवलं. रोज सकाळी चावी देतो. तात्यांकडं गेलो की ते आधी वेळ विचारतात, मी मनगट त्यांच्यापुढं धरतो.