सुरगाठ

बैल बांधणे आणि घोडा बांधणे ही दोन कामे वरवर पाहता एकच वाटतात. दोर, खुंटा आणि गाठ एवढीच सामग्री दोहोंना लागते. पण बैलाला शिंगे आहेत. संकट आले तर मान खाली घालून उभे राहावे, असा विचार तो निदान करू शकतो. घोडाही वेळ पडल्यास लाथ मारतो, चावतो. परंतु त्याचा खरा भरवसा आपल्या चार पायांवर असतो. आधी पळावे आणि कशाला भ्यालो ते मागून पाहावे, ही त्याच्या कुळाची हजारो वर्षांची रीत. त्याला खुंट्याशी बांधताना आपण नेमका हाच भरवसा त्याच्यापासून काढून घेत असतो.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे जवळजवळ सभोवारचे सर्व काही त्याला दिसते. न दिसणाऱ्या जागा दोनच, एक शेपटीच्या थेट मागची आणि दुसरी कपाळाच्या अगदी समोरची. म्हणजे आपल्याला न दिसलेली कागदाची पिशवी त्याने कधीच पाहिलेली असते! तो दचकतो, डोके वर झुगारतो, आणि मोहरकीचा पट्टा कानांमागे काचतो. तो काच ही त्याला दुसरी भीती होते. पहिली भीती कदाचित वाऱ्याने उडूनही गेलेली असते, पण ही दुसरी त्याला धरून ठेवते. मग तो मागचे पाय पोटाखाली घेऊन सगळ्या अंगाच्या भाराने मागे ओढू लागतो. चांगला वाढलेला घोडा चारपाचशे किलो वजनाचा असतो, आमच्याकडची लहान चणीची तट्टे त्याहून हलकी. पण तट्टाचे बळ कमी समजणाऱ्याने ते एकदा पाहावे. अशा ओढाताणीत दोर तुटला तर जनावर उताणे कोसळून डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटण्याचा संभव असतो. दोर तुटला नाही तर मानेचे स्नायू दुखावतात, कधी मणक्यालाही इजा होते. आणि ज्याला बांधले तेच उपटून आले, तर काय होते ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. वरातीची पांढरी घोडी कार्यालयाच्या दाराशी उभी होती. घोडेवाला पाणी प्यायला गेला, आणि जाताना लगाम वरपक्षाच्या एका तरुणाच्या हाती देऊन गेला. त्या तरुणाला छायाचित्राला बोलावणे आले. त्याने लगाम कमानीच्या बांबूला गुंडाळून चांगली आवळून निरगाठ मारली. हौशी मनुष्याला निरगाठच येते. पाचदहा मिनिटांत फटाक्यांची माळ लागली. घोडी मागे सरली, बांबू कमानीसकट निघाला, आणि पुढचे दृश्य विसरता येत नाही. ती पळत होती आणि बांबू तिच्या मागे लागला होता. ती जितकी जोराने धावे तितक्या जोराने तो तिच्या पायांवर आदळे. गल्लीच्या टोकाला मोटारींची रांग आडवी आली तेव्हा कुठे ती थांबली. सुदैवाने माणूस कोणी सापडला नाही. तिच्या मागच्या पायांचे कातडे मात्र सोलून निघाले होते, आणि लगामाच्या लोखंडाने जीभ खोलवर कापली होती.

घोडेवाला वृद्ध होता. तो धावत आला खरा, पण घोडीपासून दहा पावलांवर येताच चालू लागला. तिच्या खांद्याच्या बाजूने, हळू आवाजात काहीबाही बोलत, तो जवळ गेला. कनवटीची सुरी काढून त्याने प्रथम लगाम कापला. मग आम्हा सुटाबुटातल्या मंडळींकडे वळून एवढेच म्हणाला, "लगामाला बांधली होय हो?" कोणीच बोलले नाही. "साहेब, लग्नसराईचे दिवस मोजके. आता हिला दाणा चावता येईपर्यंत मी काय करू?"

पूर्वी शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे; घोडा गेला की शिलेदारीही गेली. बारगीराला निदान पागेतून दुसरा घोडा मिळे. त्या दिवशी मला वाटले की हा म्हातारा आपल्या काळातला शिलेदारच आहे, फक्त त्याच्या नावाने कोणी बखर लिहिणार नाही.

पुढे त्याच्या तबेल्याकडे मी दोनचार वेळा गेलो. त्याला भाषणाची हौस नव्हती. हात चालत असताना जे सुचेल ते बोले. बांधायचे ते मोहरकीला, लगामाला कधीही नाही, कारण लगाम तोंडातल्या नाजूक जागेवर बसलेला असतो. बांधायचे ते खोल रोवलेल्या खांबाला किंवा भिंतीतल्या कडीला. फाटक, खुर्ची, हातगाडी, पत्र्याचे दार यांना नाही. कडी घोड्याच्या पाठीच्या उंचवट्याइतकी तरी वर हवी. खाली बांधले तर मागे ओढताना त्याला साऱ्या अंगाचा जोर लावता येतो. वर बांधले तर तो जोर तितकासा लागत नाही. दोर हातभर मोकळा, फार तर थोडा अधिक. लांब दोराने घोड्याला चरायला मिळते असे आपल्याला दयाळूपणाने वाटते, पण त्याच दोरात पुढचा पाय अडकला की दया महागात पडते. आणि दोर स्वतःच्या तळहाताभोवती गुंडाळायचा नाही, गाठीच्या फासात बोट घालायचे नाही. हे सांगताना त्याने डाव्या हाताचे आखूड झालेले बोट वर करून दाखवले आणि पुन्हा खरारा करू लागला.

गाठ सुरगाठच. दोर कडीतून ओवायचा, त्याचा एक फास करून त्यातून दुसरा फास काढायचा आणि मोकळे टोक लोंबते ठेवायचे. ते टोक ओढताच सगळी गाठ उलगडते. आमच्या भाषेला निरगाठ आणि सुरगाठ असे दोन वेगळे शब्द आहेत याचा मला नेहमी अभिमान वाटतो. पण आमच्या बोटांना दुसरीची सवय कमी. तिच्यातही खोडी आहेतच. हुशार घोडा ते टोक दातांनी ओढून आपली सुटका करून घेतो. दोर भिजून फुगला किंवा ताण फार आला तर सुरगाठही आवळून बसते. म्हणून ती कनवटीची सुरी.

इंग्लंडातल्या तबेल्यांत आणखी एक युक्ती चालते. कडीला सरळ दोर न बांधता आधी सुतळीचे एक कडे बांधतात आणि दोर त्या कड्यात अडकवतात. घोडा घाबरून ओढू लागला की सुतळी तुटते, घोडा वाचतो. (हल्लीची प्लॅस्टिकची सुतळी इतकी चिवट असते की तिचे पदर उसवून ती मुद्दाम कमजोर करावी लागते, प्रगती अशीही असते.) यावर जाणत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, जनावराचा जीव मोलाचा, सुतळी दोन पैशांची. दुसरा म्हणतो, ओढले की सुटते हे घोड्याला एकदा कळले की तो रोज ओढील, आणि भररस्त्यात सुटलेला घोडा स्वतःही मरेल आणि दुसऱ्यालाही मारील. दोघांचेही खरे आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. माझे मत विचाराल तर गर्दीत सुतळी नको, कुंपणाच्या आत अवश्य हवी. पण या वादाच्या अलीकडे एक काम असते आणि ते पुष्कळांना नको असते, कारण त्याला आठवडे लागतात. मानेवर ताण आला की मागे ओढायचे नाही, एक पाऊल पुढे यायचे, हे शिंगराला शिकवावे लागते. त्यासाठी दोर बांधत नाहीत. आडव्या दांडीवर एकदोन वेढे देऊन टोक माणूस हाती धरतो. शिंगरू ओढते, दोर थोडा सरकतो, ते पुढे येते, ताण लगेच सैल होतो. काही जण दोर आणि कडी यांच्यामध्ये मोटारीच्या चाकाची जुनी रबरी नळी घालतात. ती ताणते पण झटका देत नाही.

आपल्या पूर्वजांची रीत आगाडी-पिछाडीची. मोहरकीपासून दोन दोर पुढच्या दोन मेखांना, आणि मागच्या पायांपासून एक लांब दोर मागच्या मेखेला. उघड्या माळावर शेकडो घोडी एका रांगेत ठेवायची, त्यात न खच्ची केलेले घोडे, म्हणजे एकमेकांवर धावून जाणार. तिथे दुसरा उपाय काय? तरी पायांना दोर काचून जखमा होत, आणि रांगेतल्या एकाने मेख उपटली की ती दोराच्या टोकाला गरगरत शेजाऱ्यांना झोडपीत जाई. ही रीत फारच जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अश्वसूक्तात यज्ञाच्या घोड्याचे दाम, डोक्याची रशना आणि पायबंद यांचा उल्लेख येतो. आपले दावे हे त्या दामाचेच नातवंड. बृहदारण्यक उपनिषदात प्राण देह सोडून निघू लागतो तेव्हा इतर इंद्रियांना तो कसा उपटून नेऊ लागतो, हे सांगायला ऋषींना सिंधुदेशीचा थोर घोडा आठवला, पायबंदाचे खुंटे उखडून निघालेला. हा दृष्टान्त देणाऱ्याने तो घोडा डोळ्यांनी पाहिला असणार, आणि बहुधा चार पावले मागेही सरला असणार.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील छावणीतल्या लष्करी अंमलदारांना पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात वैरण जपून वापरण्याची ताकीद आहे, आणि दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेतील, गवताला आग लागेल, मग घोडी कशी वाचणार, ही चिंताही आहे. मला त्या पत्रातला उंदीर फार आवडतो. राज्याचा एवढा व्याप असताना त्या माणसाची नजर उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत पोचली. बांधलेल्या जनावराला स्वतः पळता येत नाही, त्याच्या वतीने भ्यायचे काम बांधणाऱ्याचे, हे त्यांना ठाऊक होते.

माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोड्यांची वर्दळ मोठी. मागच्या खेपेला तिथे एक बारातेरा वर्षांचा मुलगा तांबड्या धुळीत उभा राहून तट्टू बांधीत होता. गाठ मारून झाल्यावर त्याने मोकळे टोक ओढून ती सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली, आणि तिसऱ्यांदा मारून मगच तो चहाच्या टपरीकडे वळला. तट्टू एक मागचा पाय सैल सोडून उभ्याउभ्या डुलकी घेऊ लागले.