वहिवाटीची नोंद

आमच्या किकवीच्या घरात, सोप्याच्या भिंतीला लागून ठेवलेल्या शिसवी पेटीत, एक क्लॅरिनेट आणि एक चिरलेली तबकडी अशा दोन वस्तू गेली चाळीसहून अधिक वर्षे शेजारी शेजारी आहेत. त्यांपैकी क्लॅरिनेट माझ्या चुलत्यांची, आणि तबकडी मी १९७९ सालच्या एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून, मोडक्या कंदिलांच्या आणि गंजलेल्या कुलपांच्या ढिगाखालून काढून, घासाघीस न करता विकत घेतलेली. लेबलावर ‘क्रिओल लव्ह कॉल’ हे नाव आणि ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचा उल्लेख होता. तीत वाजवणाऱ्या माणसांपैकी कोणाचेही नाव तीवर नव्हते.

चुलत्यांना आम्ही तात्या म्हणत असू. घरात परंपरेने आलेली सनई होती, पण तात्यांनी लहानपणीच मुंबईची वाट धरली, गिरगावातल्या एका बँडात वरातीपुढे गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालण्याचे काम पत्करले, आणि बत्ती वाहता वाहता वादकांची बोटे न्याहाळून क्लॅरिनेट आत्मसात केली. पुढे गावी परतून त्यांनी स्वतःचा बँड उभा केला, आणि शिरवळपासून नसरापूरपर्यंतच्या लग्नांत ‘किकवीचा क्लॅरिनेटवाला’ म्हणून त्यांना मानाची सुपारी येऊ लागली. लगीनसराई सुरू होण्याआधीच्या दुपारी ते सोप्याच्या पायरीवर उन्हात बसत, क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर भिजवून उजेडासमोर धरत, तिच्या टोकाशी सावली कोठे दाट आणि कोठे विरळ पडते ते एक डोळा मिटून पाहत, आणि फुटक्या काचेच्या तुकड्याने तो दाट भाग इतक्या हलक्या हाताने खरवडत की खाली धोतरावर पिठासारखी भुकटी पडे, पण पत्तीचा कस तसूभरही हलत नसे. मग जोडावरचे सूत मेणाने चोळून ते वाद्य जोडीत आणि पहिला सूर लावीत. सूर मनासारखा लागला नाही तर त्या दिवशी ते फारसे बोलत नसत.

तबकडी घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने घरी आलो, आणि अधीरतेने पिशवीची गाठ सोडताना ती उंबऱ्याला लागून तिच्या कडेपासून आत दीड बोट केसासारखी चीर पडली. ती माझ्या हातची चूक, आणि तिचे दुःख मला अद्याप आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकडीवर सुई प्रत्येक फेऱ्याला चिरेवरून जाते आणि ‘टक्’ असा एक आवाज करते. पण तात्यांनी, चावीचा फोनो लावून बसलो असता, त्या टकटकीला पहिल्या काही क्षणांतच ठेका मानून घेतले, आणि मला जी खंत वाटत होती ती त्यांच्या कानापर्यंत पोहोचलीच नाही.

ही रचना संथ आहे. चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे एक आवर्तन, आणि तेच आवर्तन निरनिराळ्या वाद्यांतून पुनःपुन्हा फिरते. आरंभी सुषिर वाद्यांचा मेळ मुखडा मांडतो, आणि त्याला अ‍ॅडलेड हॉल या गायिकेचा शब्दविरहित कंठ उत्तर देतो. आपल्याकडच्या श्रोत्याला तो आलापाइतका परिचित वाटेल. मग बबर मायलीचा ट्रम्पेट घोगऱ्या, गुरगुरणाऱ्या आवाजात बोलतो. आणि मग, त्या गुरगुराटाच्या सावलीतून, एक क्लॅरिनेट वरच्या सप्तकात निघते. तोवर भिंतीला टेकून बसलेले तात्या तेथे ताठ झाले. तबकडी संपल्यावर त्यांनी सुई पुन्हा त्याच जागी ठेवायला सांगितली, आणि दुसऱ्यांदा ऐकताना त्यांची बोटे मांडीवर भोके दाबू लागली.

“ह्यो गडी दम चोरत न्हाय बघ,” ते म्हणाले. “वर चढतुया, पर पत्ती चिरकत न्हाय. आन् उतरताना घाई न्हाय. कोण हाय रं ह्यो?”

मला सांगता आले नाही. ते शोधण्यात पुढची अनेक वर्षे गेली. पुण्यातल्या ब्रिटिश कौन्सिलच्या ग्रंथालयात जाझवरची जी पुस्तके मिळाली ती मी सुट्टीच्या दिवशी जाऊन वाचली, आणि शेवटी नाव हाती लागले: रूडी जॅक्सन. जन्म १९०१, इंडियाना प्रांतातील फोर्ट वेन, आईबाप दोघेही वादक, जडणघडण शिकागोची. ही तबकडी २६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यू जर्सीतील कॅम्डन येथे मुद्रित झाली, तेव्हा एलिंग्टनच्या ताफ्यात येऊन त्याला जेमतेम काही महिने झाले होते.

नावाबरोबर त्याच्यावरचा आरोपही हाती लागला. किंग ऑलिव्हर या थोर कॉर्नेटवादकाने, ज्याच्या ताफ्यात जॅक्सन पूर्वी वाजवीत असे, १९२३ सालीच ‘कॅम्प मीटिंग ब्लूज’ नावाची तबकडी मुद्रित केली होती. तीत जिमी नूनची क्लॅरिनेट होती, आणि एलिंग्टनच्या रचनेचा मुखडा व जॅक्सनचे ते एकल आवर्तन या दोहोंचे मूळ त्या तबकडीत आहे. जॅक्सनने ही चाल आपलीच म्हणून एलिंग्टनला दिली, आणि तिच्या कर्त्यांमध्ये एलिंग्टन व मायली यांच्याबरोबर त्याचेही नाव लागले. ऑलिव्हरने हक्क सांगितला, पण मूळ दस्तऐवजातील उणिवांमुळे त्याची तकरार टिकली नाही. जॅक्सनला मात्र ताफा सोडावा लागला. १९२८ च्या आरंभी त्याच्या जागी बार्नी बिगार्ड आला, आणि न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबातून एलिंग्टनची जी कीर्ती जगभर पसरली तिच्यात जॅक्सनला वाटा राहिला नाही. इतिहासकार त्याचा निकाल दोन ओळींत लावतात, आणि त्या दोन्ही ओळी या तकरारीच्या असतात.

माझी सारी नोकरी भोरच्या मामलेदार कचेरीत, फेरफार आणि उतारे यांच्या दप्तरात गेली, म्हणून हा तंटा मला परका वाटला नाही. कुळांना कसत्या जमिनीचे मालक मानणाऱ्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर आमच्या भागात किती कुळांनी किती वर्षे कचेरीचे उंबरठे झिजवले, त्यांचे कागद या हातांखालून गेले आहेत. त्या कामात एक गोष्ट मनावर ठसली ती अशी, की गाव नमुना सात हा जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो, पण ती कोण कसतो हे पाहायचे तर नजर गाव नमुना बाराकडे, ‘जमीन करणाराचे नाव’ या रकान्याकडे न्यावी लागे. आणि तो रकाना पीकपाहणीला शिवारात प्रत्यक्ष गेल्याशिवाय खरा भरता येत नसे. चाल ऑलिव्हरची, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही; जॅक्सनने ती आपली म्हटली हा त्याचा दोष, आणि १९३८ साली दारिद्र्यात मेलेल्या ऑलिव्हरवर झालेला अन्याय मी त्यातून वजा करू इच्छीत नाही. परंतु त्या दिवशी कॅम्डनच्या खोलीत त्या चालीत ज्याने आपला श्वास घातला, तो जॅक्सनच होता. नूनचे वादन मी पुढे ऐकले: नूनचा सूर गोल आणि प्रसन्न आहे, जॅक्सनचा किंचित करडा, आणि स्वर संपल्यावरही क्षणभर धरून ठेवणारा. तात्यांनी ज्याला दम न चोरणे म्हटले ते हेच, आणि ते कोणाकडून उसने घेता येत नाही.

तात्या १९८८ साली गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जाझवरील ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि ते वाचीत असता मी एकदम थांबलो. एलिंग्टनचा ताफा सुटल्यावर नोबल सिसल या ताफाप्रमुखाबरोबर युरोपात गेलेला रूडी जॅक्सन पुढे थेट मुंबईस आला होता. १९३५ च्या हिवाळ्यात लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णी अमेरिकन ताफा ताजमहाल हॉटेलात रुजू झाला; त्या ओघात आलेल्या वादकांपैकी काही जण येथेच राहिले, ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथने त्यांचा ‘सिम्फोनियन्स’ हा संच बांधला, आणि १९३६ साली त्या संचाने रेक्स छापाच्या तबकड्यांसाठी मुंबईतच मुद्रण केले. त्यांतली ‘ताज महाल’ ही चाल मीना सायलस या मुंबईकर बगदादी ज्यू गृहस्थाची. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवर रूडी जॅक्सन, पियानोवर टेडी वेदरफर्ड. पुढे वेदरफर्ड कलकत्त्यात १९४५ साली पटकीने वारला. जॅक्सन युद्धानंतर शिकागोला परतला आणि त्याने वादनाचा व्यवसाय सोडला.

या मंडळींचे वादन ऐकत गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली, आणि ताजच्या नाचगृहातून तीच पिढी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) यांत जाझच्या वाद्यांचा जो मुक्त उपयोग केला तो साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. ‘अलबेला’त तर चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक आपल्या संचासह पडद्यावरही दिसतो. तात्यांनी तो चित्रपट तंबूत तीनदा पाहिला होता, आणि त्यातल्या चाली किकवीच्या वेशीपासून मांडवापर्यंत किती वराती त्यांनी नेल्या याची गणती नाही. कोठला झरा कोठे झिरपत आला ते त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्यांना केवढा आनंद झाला असता, हे आठवले की मला बसवत नाही.

कारण १९३६ साली तात्या मुंबईतच होते. वय चौदा, डोक्यावर गॅसबत्ती. गिरगावापासून अपोलो बंदर पायी जाण्याजोगे. ताजच्या आत त्यांना कोणी येऊ दिले नसते, आणि ते तेथे गेल्याचे त्यांनी कधी सांगितलेही नाही. पण “कोण हाय रं ह्यो?” या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर, त्यांनी तो मला विचारला त्याच्या त्रेचाळीस वर्षे आधी, त्यांच्यापासून कोसभर अंतरावर श्वास घेत होते.

मूळ रेक्स तबकडी मला आजवर मिळालेली नाही. तात्यांच्या नातवाने तिची प्रत आपल्या मोबाइलमध्ये उतरवून आणली, आणि मागच्या मृगाच्या पावसात, बाहेर शेतात भाताची रोपे तरारलेली असताना, आम्ही दोघे सोप्यात ती ऐकत बसलो. हे ताफ्याचे वादन आहे. सारी वाद्ये एका गतीने, नाचणाऱ्यांच्या पावलांसाठी चालतात. मी कान देऊन त्या गर्दीतून एकच सूर वेगळा काढू पाहत होतो. नातवाने मध्येच उठून शिसवी पेटी उघडली, क्लॅरिनेट काढून जोडावरचे जुने सूत नखाने तपासले, आणि पत्ती जिभेवर ठेवीत मला म्हणाला, “आजोबा, परत लावा. सुरुवातीपासून.”