बाल्कनीच्या विरोधात होते मी

बाल्कनी म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली धूळ, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर नोकरीचा मोठा काळ गेला. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या घरांच्या फायली रोज समोर यायच्या. एखादं नवं जोडपं कौतुकाने म्हणायचं, "हॉलला छान बाल्कनी आहे हं." माझा प्रश्न ठरलेला, "कार्पेट किती?" तेव्हा तो विचारावाच लागायचा. सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली जिना, लिफ्ट, पॅसेज सगळंच गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधलं जाई, आणि साडेसहाशे चौरस फुटांचा म्हणून घेतलेला फ्लॅट आतून मोजला की साडेचारशेचा निघे. अशा बाजारात पलंग आणि कपाट मावेल तेवढीच जागा खरी, बाकीची ब्रोशरमधली, असं माझं पक्कं मत झालं होतं.

मुलुंडला स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा ताबा मिळताच पहिलं काम केलं ते बाल्कनी आत घेण्याचं. बाहेर ग्रिल, त्याआत स्लायडिंग. मी एकटीनेच नव्हे, सगळ्या इमारतीने तेच केलं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामाच्या मोजणीत, धरली जात नव्हती, आणि प्रीमियम भरला की ती रीतसर बंदही करता येत होती. वाऱ्यासाठी दिलेली सवलत खोलीसाठी वापरायची, हा व्यवहार पालिकेला, बिल्डरला आणि मला, तिघांनाही सोयीचा होता. फ्लॉवर बेडची तीच गत. आमच्या इमारतीतल्या एकाही फ्लॉवर बेडमध्ये मी कधी फूल पाहिलं नाही. लादी टाकून सगळ्यांनी त्याची बैठक करून टाकली. पुढे जानेवारी 2012 मध्ये पालिकेने बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे सगळं एफएसआयमध्ये मोजायला सुरुवात केली आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय दिला. बाल्कनी ही फुकटची जागा राहिली नाही, तशी कित्येक नव्या इमारतींमधून ती गायबच झाली. मला तेव्हा बरंच वाटलं. हिशेब एकदाचा सरळ झाला.

भाची आर्किटेक्चरला गेली आणि घरी नकाशे यायला लागले. त्यात एकदा कंबाला हिलवरची कांचनजंगा होती. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची ही इमारत 1983 मध्ये पुरी झाली. मजले 28, घरं 32. कोपरे कोरून काढावेत तशा दोन मजली उंचीच्या उघड्या गच्च्या. भाची समजावून सांगत होती, "मावशी, मुंबईत चांगला वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडेच. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा तो याच्यासाठी. कोरियांनी तो व्हरांडा घेतला आणि आकाशात नेला." युक्ती पटली, नाही असं नाही. पण ज्याला चौरस फुटाचा भाव विचारावा लागत नाही त्याने खुशाल व्हरांडे ठेवावेत, असं म्हणून मी तो विषय श्रीमंतांच्या खात्यात टाकला.

मत हललं ते बेलापूरला, तेही हळदीकुंकवाच्या निमित्ताने. बँकेतली माझी मैत्रीण सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. ही वसाहतही कोरियांचीच, ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलेली, आणि ती श्रीमंतांसाठी नव्हती. प्लॉट साधारण 45 ते 75 चौरस मीटरचे. सात घरं मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचा एक चौक. असे तीन गट, म्हणजे एकवीस घरं, मिळून बारा मीटरचा मोठा चौक. त्यापुढे आणखी मोठी मोकळी जागा, आणि पावसाचं पाणी वाहून नेणारा ओहोळ. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. म्हणून प्रत्येकाला आपलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवता येतं.

मैत्रिणीने ते वाढवलंच होतं. मूळचं उतरत्या कौलांचं घर पाडून तिथे आरसीसीचं, टाइल्स लावलेलं घर उभं होतं. सोबत आलेली भाची हळहळली, तिच्या पुस्तकातला फोटो वेगळा होता. मी मात्र घराकडे पाहतच नव्हते. आमच्याकडे हळदीकुंकू म्हणजे बायका पाच-पाचच्या तुकड्यांनी येणार, जिन्यात चपलांचा ढीग, वाण घेतलं की पुढचीला जागा द्यायला उठायचं. इथे चौकात सतरंज्या टाकल्या होत्या. शेजारच्या सासूबाई त्यांच्याच पायरीवर बसून गप्पांत सामील. कुणाला उठायची घाई नव्हती. मैत्रिणीचा हॉल माझ्या हॉलपेक्षा लहान आहे, हे मला परत निघताना लक्षात आलं.

तिथे सगळं गोड आहे असंही नाही. चौकात कुणी किती स्कूटर लावायच्या यावरून तिची समोरच्यांशी बोलाचाल बंद होती. पण तिचं घर पुरतं, कारण त्याचा एक भाग घराबाहेर आहे. हे मला इतक्या फायली चाळून समजलं नव्हतं, कारण कुठल्याच फायलीत त्यासाठी रकाना नव्हता. व्हॅल्युअर क्षेत्रफळ आणि दर यांचा गुणाकार करतो. चौक त्या गुणाकारात कुठे घालणार? रेराने कार्पेटची व्याख्या नक्की केली, सुपर बिल्ट-अपची लबाडी बरीच आटोक्यात आली, त्याबद्दल त्या कायद्याला माझा नमस्कार. पण त्या व्याख्येतही बाल्कनी आणि उघडी गच्ची कार्पेटच्या बाहेरच आहेत. फसवणूक टाळायला हे योग्यच. पण भाव ठरवताना जो आकडा सगळे बोलतात, त्यात मोकळी जागा मुळात येतच नाही.

नंतर कांचनजंगाचा नकाशा भाचीकडून पुन्हा मागून घेतला. या वेळी इमारतीच्या कोपऱ्यांकडे नव्हे, माझ्या हॉलकडे पाहत. बाल्कनी आत घेतल्यापासून त्या हॉलमध्ये भरदुपारी दिवा लागतो. पावसाळ्यात स्लायडिंगच्या रुळातून पाणी आत येतं, तिथे मी पायपुसणी घालते. जो पाऊस अडवायला ती जागा होती, तो मी सोफ्यापर्यंत आणला. वर त्याचा प्रीमियम भरला.

ग्रिल लावणाऱ्यांना मी तरीही नावं ठेवणार नाही. दोन मुलं, सासू-सासरे आणि वन बीएचके असेल, तर बाल्कनीत पलंगच येणार. आर्किटेक्ट लोक या ग्रिलवर ज्या तुच्छतेने बोलतात ती मला आजही सहन होत नाही.

आता आमच्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला आहे. बिल्डरचा प्रस्ताव आलाय: प्रत्येकाला वाढीव कार्पेट, वर कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे, बांधकाम होईपर्यंत भाडं. इमारत उंच, कंपाउंडच्या जागी पार्किंगचा पोडियम, आणि बाग त्या पोडियमवर. सभेत मी म्हटलं, वाढीव कार्पेट थोडं कमी द्या, पण प्रत्येक घराला खोल, उघडी बाल्कनी द्या, आणि तळमजल्यावर मोकळी जागा ठेवा. सेक्रेटरींनी हसत विचारलं, "ताई, त्याचा रेट काय धरायचा?" हा माझाच जुना प्रश्न, मला उत्तर देता आलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. त्यांचा मुलगा आणि सून हॉलमध्ये झोपतात. "आम्हाला खोली हवी, वारा नंतर बघू," ते म्हणाले. यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही आराखडे पीएमसीकडून, म्हणजे सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराकडून, मागवायचे आणि पुढच्या सभेत मतदान घ्यायचं, एवढं ठरलं. माझ्या मजल्यावरचं एकही घर माझ्या बाजूने नाही. काकांच्या घरी मात्र रविवारी बोलावणं आहे; दोन्ही नकाशे घेऊन या, म्हणालेत.