न चाखलेला कर्नल

कर्नल बांधायच्या आज्ञेच्या शेवटी एक आडवी रेघ लोंबकळत असते: ‘एआर्क64-लिनक्स-ग्नू-’. रेघेनंतर काही नाही. पाहणाऱ्याला वाटावं, टाइप करता करता कुणी चहाला उठून गेलं. पण ती रेघ गाळली की बिल्ड सुरू होताच आडवा पडतो, कारण ते नाव नाहीच, नुसता उपसर्ग आहे. लिनक्सची मेकफाइल त्याला ‘जीसीसी’ चिकटवते, ‘एलडी’ चिकटवते आणि त्या नावाचा कंपायलर, लिंकर शोधायला निघते. रेघ नसेल तर ‘ग्नूजीसीसी’ नावाच्या भलत्याच इसमाचा शोध सुरू होतो. गंमत म्हणजे त्याच ओळीत आर्किटेक्चर मात्र ‘एआरएम64’ असं लिहायचं. एकाच चिपला कंपायलरवाले एका नावाने हाक मारतात, कर्नलवाले दुसऱ्या. यावर वाद घालू नये. पाठ करून टाकावं.

इंटेलच्या लॅपटॉपवर बसून एआरएमच्या बोर्डासाठी कर्नल बांधायचा, हे क्रॉस-कंपायलिंग. बांधलेला कर्नल त्या लॅपटॉपवर चालवून बघता येत नाही; नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघता येत नाही, त्यातलाच प्रकार. शिवाय बांधकामाला लागणारी ‘फिक्सडेप’, ‘मॉडपोस्ट’ ही हत्यारं इथेच चालायची असतात, म्हणून ती लॅपटॉपच्या स्वतःच्या कंपायलरने बनतात. एका बिल्डमध्ये दोन कंपायलर, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही.

हे सगळं करायची वेळ येईल असं लिनक्सच्या जन्मदात्यालाच वाटलं नव्हतं. 1991च्या जानेवारीत हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 386 प्रोसेसरचा संगणक घेतला: 33 मेगाहर्ट्झ, 4 एमबी रॅम. त्याचा कर्नल उगवला तोच या प्रोसेसरचे गुण चाचपून बघण्यातून. एक काम थांबवून दुसऱ्याकडे वळायची सोय 386च्या आतच होती. ती त्याने जशीच्या तशी वापरली. ऑगस्टमध्ये कर्नलची वाच्यता करताना त्याने सांगूनच टाकलं की हे दुसऱ्या यंत्रावर नेण्याजोगं नाही. मग 1994मध्ये त्याला डिजिटल कंपनीचा जॉन ‘मॅडडॉग’ हॉल भेटला. हॉलला लिनक्स इतकं भावलं की खटपट करून त्याने टोरवाल्ड्ससाठी एक अल्फा यंत्र मिळवलं. अल्फा 64 बिटचा. 386वर पॉइंटर आणि ‘इंट’ दोन्ही 4 बाइटचे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा कोंबला तरी खपून जायचं. अल्फावर पॉइंटर 8 बाइटचा झाला आणि असली प्रत्येक लबाडी उघडी पडली. कर्नलची वेगळी प्रत काढून ती अल्फापुरती ठोकठाक करणं सोपं होतं. टोरवाल्ड्सने तसं न करता घरच आवरलं: चिपगणिक बदलणारा कोड ‘आर्च’ नावाच्या फोल्डरात, बाकीचा सगळ्यांना सामाईक. मार्च 1995च्या 1.2 आवृत्तीत अल्फा, स्पार्क, मिप्स असे पाहुणे दाखल झाले. आणि फेब्रुवारी 2013च्या 3.8 आवृत्तीतून 386 बाहेर गेला! ज्या चिपवर जन्म झाला तिलाच निरोप, आणि टोरवाल्ड्स मुळीच हळवा झाला नाही.

खरा छळ मात्र आकाराच्या नव्हे, चिन्हाच्या चुका करतात. सी भाषेतला एका बाइटचा ‘चार’ हा प्रकार ऋण संख्या धरतो की नाही, हे भाषेने ठरवलेलंच नाही. लिनक्समध्ये इंटेलवर तो धरायचा, एआरएमवर नाही. त्यात -1 ठेवून ‘शून्याहून लहान आहे का?’ विचारलं, तर एक यंत्र हो म्हणे, दुसरं नाही. 2023च्या 6.2 आवृत्तीपासून कर्नलने सगळीकडे ‘चार’ बिनचिन्हाचा धरायला सुरुवात केली. उशिरा सुचलं, पण शहाणपण ते शहाणपण.

ज्या चिपसाठी लिहायचं तीच टेबलावर असलेली बरी, असं टोरवाल्ड्सचं मत, आणि ते रास्त आहे. 31 जुलै 2022ला 5.19 ही आवृत्ती त्याने ॲपलच्या एआरएम लॅपटॉपवरून प्रसिद्ध केली. त्यावर तोवर खरं काम काहीच केलेलं नाही, नुसते चाचणीचे बिल्ड आणि बूट, हेही त्याने सोबतच सांगून टाकलं.